मॉरिशसला निघालेल्या भाचीस



तिथल्या एबेन गावातल्या कंपनीचं नेमणूकपत्र आल्याचं दादाने फोनवर सांगितलं. वर्षभरासाठी का होईना, तू मॉरिशसला निघालीस याचा मला फार आनंद झाला. सुट्टीच्या दिवशी काय बघू आणि तिथे काही सेवाकार्य करता येईल का, असं तू विचारलंयस. मी त्या बेटावर काही वर्षं राहिले आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते माझ्या जास्त जिव्हाळ्याचं आहे. बाहेरून आलेल्या माणसाला मदत करायची झाली की डोळ्यांत भरेल असं काम हवं असतं. मॉरिशसच्या रानाला मात्र तण उपटणारे हात हवे आहेत. बेटावरचं मूळचं चांगलं जंगल आता जेमतेम दोन टक्के उरलंय. बाकीचं लाकूडतोडीत आणि उसात गेलं. उरलेल्या रानात ब्राझीलहून आलेला चिनी पेरू इतका दाट माजतो की त्याच्याखाली एबनीसारख्या मूळच्या झाडाचं रोप रुजतच नाही. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ साली झालं. त्यातल्या काही पट्ट्यांना कुंपण घालून रानडुकरं आणि हरणं बाहेर ठेवतात आणि आतलं तण माणसं हाताने काढतात. ते पुन्हा उगवतं, पुन्हा काढावं लागतं. गुडघे चिखलात, पाठीवर पाऊस, आणि संध्याकाळी मागे वळून बघावं तर साफ झालेला तुकडा आपल्या अंगणाएवढा. हे काम तू महिनोन् महिने करावंस असं मला मनापासून वाटतं. आणि एक लक्षात ठेव, थंडीच्या दिवसांत तिथली कुटुंबं याच पेरूंसाठी डोंगरावर जातात, मीठ-मिरची लावून ते आवडीने खातात. त्यांच्यासमोर त्या झाडाला नावं ठेवू नकोस.

अशा चिकाटीने काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते. १९७४ साली मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचे रानात फक्त ४ पक्षी उरल्याचं माहीत होतं. कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला तरुण १९७९ साली तिथे गेला. घरट्यातली पहिली अंडी काढून यंत्रात उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, अशी त्याची रीत. आज ते ससाणे शेकड्यांनी आहेत. जोन्सच्या हुशारीचं कौतुक सगळेच करतात. मला मोल वाटतं ते त्याच्या टिकून राहण्याचं. दशकं उलटली तरी त्याने तिथलं काम सोडलं नाही, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली मॉरिशसची मुलंमुली आज ते पुढे नेताहेत.

आग्नेय किनाऱ्यालगत इल-ऑ-झेग्रेत नावाचं २६ हेक्टरांचं बेट आहे. तिथे जरूर जा. मॉरिशसची मूळची मोठी कासवं डोडोसारखीच नामशेष झाली. त्यांच्या जागी अल्डाब्राची महाकाय कासवं तिथे सोडली आहेत. ती एबनीची फळं खातात, बिया विष्ठेतून लांब पडतात आणि रान वाढतं. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनची माणसं हे बेट सांभाळतात आणि पाहुण्यांना हिंडवून दाखवतात.

याच बेटाजवळ २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचं जहाज प्रवाळाच्या कड्यावर चढलं. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळायला लागलं. सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. कोविडमुळे सीमा बंद होत्या, बाहेरून मदत यायला वेळ लागणार होता. उसाची तोडणी सुरू होती. लोकांनी शेतातलं पाचट ट्रकांनी जवळच्या माहेबूरच्या किनाऱ्यावर आणून टाकलं. कापडाच्या लांब नळ्या शिवायच्या, त्यांत पाचट ठासायचं, तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घालायच्या आणि पाण्यात बांध घालायचा. तेल शोषून घेतात म्हणून न्हाव्यांकडून केस गोळा झाले. मीही पाचट भरायला बसले होते. शेजारी कोळ्याची बायको, पलीकडे शाळकरी मुलं, एक निवृत्त फ्रेंच जोडपं. तिथली क्रेओल भाषा नीट येत नसलेल्यांना कुणीतरी हाताने दाखवत होतं, नळी किती घट्ट भरायची ते. कामाची आखणी माहेबूरच्या माणसांची होती. परदेशातून येऊन राहिलेले आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली होतो, आणि तीच आमची योग्य जागा होती. तेलाच्या वासाने डोकं भणभणायचं. ज्यांची रोजची चूल त्या खाडीतल्या माशांवर पेटायची, ती माणसं रडत रडत काम करत होती. मला ते चेहरे अजून दिसतात.

म्हणून क्रेओल शीक. एबेनच्या कचेरीत इंग्रजी-फ्रेंचवर भागेल, आपल्याकडची मुलं भेटतील, त्यांच्यातच शनिवार-रविवार जाईल आणि वर्ष संपेल. तसं होऊ देऊ नकोस. बसने फीर, बाजारात ढोलपुरीच्या गाडीवर उभी राहा, ‘की मान्येर?’ म्हणून विचार. भाषा त्याच रांगेत येते.

मराठी माणसं तुला भेटतीलच. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात करारावर ऊसमळ्यांत राबायला गेले. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. पण घरात बहुतेक जण क्रेओल बोलतात. त्यांचे मराठी उच्चार दुरुस्त करायला जाऊ नकोस, आणि ‘तुम्ही मूळचे आमचेच’ असंही म्हणू नकोस. ते मॉरिशसचे आहेत, पिढ्यान् पिढ्या. त्यांचे पूर्वज जिथे उतरले त्या पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर उभी राहिलीस की त्यांनी काय सोसलं ते थोडंफार कळेल. १८३४ ते १९२० या काळात जवळपास ५ लाख माणसं करारावर त्या बेटावर उतरली.

ल मॉर्नचा डोंगर चढशील तेव्हाही तिथला इतिहास वाचून जा. मळ्यांतून पळालेले गुलाम त्या कड्यांत लपून राहत. गुलामी संपल्याचा दिवस, १ फेब्रुवारी, तिथे सुट्टी पाळून स्मरतात. शामारेलचे रंगीत मातीचे उंचवटे सगळेच दाखवतील, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

आता कामाच्या गोष्टी. ऋतू आपल्यापेक्षा उलटे, जुलैत थंडी. उंचावरच्या क्युरपीपमध्ये घर घेतलंस तर कपडे वाळायचे नाहीत आणि कपाटात बुरशी धरेल, तेव्हा जरा खाली बघ. प्रवाळाच्या आतलं पाणी शांत असतं, पण कड्यातल्या फटींजवळ ओढ फार, तिकडे पोहायचं नाही. पाण्यात पायात बूट हवेत, दगडासारखा दिसणारा विषारी मासा तळाशी पडून असतो. नोव्हेंबरपासून वादळं येतात. इशारे १ ते ४ असे असतात. तिसरा लागण्याआधी पाणी भरून, मेणबत्त्या आणि पाव घेऊन घरी ये. आणि तुझ्या परवान्यावर स्वयंसेवेची मुभा आहे का, हे कुठल्याही संस्थेकडे जाण्यापूर्वी लेखी विचारून घे. हातमोजे इथूनच जाड बघून ने.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या