मेंढी चोरणारा बाप

शे प्रांताच्या अधिपतीने कन्फ्यूशियसपुढे आपल्या प्रजेच्या सचोटीची बढाई मारली : एकाच्या बापाने मेंढी चोरली, तर मुलाने स्वतः साक्ष दिली. कन्फ्यूशियसला ही सचोटी मानवली नाही. बापाने मुलाला आणि मुलाने बापाला पाठीशी घालावे, खरी सचोटी त्यातच आहे, असे त्याचे मत. चीनमध्ये आज नागरिकांवर जी पाळत असते, तिचे खापर सर्रास कन्फ्यूशियसवर फोडले जाते. मला तो त्याच्यावर अन्याय वाटतो. सत्तेने उंबरठ्याबाहेर थांबावे, हा विचार चिनी परंपरेत सर्वांत ठामपणे त्यानेच मांडला.

पाळतीचा वारसा दुसऱ्या, कायदेवादी विचारघराण्याचा आहे. इ.स.पू. ३५६च्या सुमारास छिन राज्यात मंत्री शांग यांगने पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट बांधले. एकाने गुन्हा केला आणि इतरांनी तो कळवला नाही, तर शिक्षा सगळ्यांना. पुढे त्याच घराण्यातल्या हान फेईने मेंढीचीच गोष्ट उलटी वाचली. त्याच्या कथेत बापाविरुद्ध तक्रार करणाऱ्या मुलालाच अधिकारी ठार मारतो, आणि मग त्या राज्यात गुन्हे वर कळेनासे होतात. कुटुंबाचे हित आणि राज्याचे हित एकत्र नांदत नाही, हा त्याचा निष्कर्ष. थंड, पण प्रामाणिक.

छिन साम्राज्य पंधरा वर्षांत कोसळले. नंतरच्या राजवटींनी मात्र दोन्ही विचार जवळ ठेवले. इ.स.पू. ६६मध्ये हान सम्राटाने आईवडिलांचा गुन्हा लपवणाऱ्या मुलांना शिक्षेतून वगळले. सातव्या शतकातल्या थांग संहितेने ही सवलत आणखी नातलगांना दिली, पण राजद्रोहाला ती लागू केली नाही. या अपवादातच सगळे राजकारण आहे : सिंहासनाला धोका नसेल तोवरच नाते पवित्र.

अकराव्या शतकात सोंग राजवटीचा मंत्री वांग आनशर याने दहा-दहा घरांची ‘बाओ-ज्या’ पद्धत आणली. त्याच दशकात ल्यू आडनावाच्या विद्वान बंधूंनी गावकऱ्यांनी स्वेच्छेने पाळायचा करार रचला : अडचणीत मदत, चुकल्यास समज. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे लक्ष द्यावे, हे दोघांनाही हवे होते. फरक इतकाच, की पहिल्या व्यवस्थेत त्या लक्षाची खबर सरकारकडे जाई. माझ्या मते हा फरक सर्वांत मोठा आहे.

सांस्कृतिक क्रांतीत मुलांना आईबापांविरुद्ध उभे केले गेले, तेव्हा कन्फ्यूशियसने आखलेली रेषाच पुसली गेली. २००४मध्ये बीजिंगच्या तुंगछंग भागाची साधारण दहा-दहा हजार चौरस मीटरच्या चौकटींत विभागणी झाली. पुढे हीच पद्धत देशभर पसरली आणि चौकटीवर नेमलेला कर्मचारी कोविडच्या महासाथीत दारोदार पोहोचला. वृद्धांना औषधे आणून देणारा आणि नोंदी वर पाठवणारा माणूस बहुधा एकच असतो.

२०१२मध्ये फौजदारी प्रक्रिया कायदा बदलला. आरोपीच्या पती किंवा पत्नीला, आईवडिलांना, मुलांना साक्षीसाठी न्यायालयात जबरदस्तीने आणता येत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा विचार पुन्हा कायद्यात आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही सूट न्यायालयातल्या हजेरीपुरतीच आहे. तपास अधिकारी घरी येऊन मुलाचा जबाब घेऊ शकतो, आणि तो जबाब पुढे न्यायालयात वाचूनही दाखवता येतो.