टिकाऊपणा कोणाचा?

टिकाऊपणा हा वस्तूचा गुण कीं वस्तु बाळगणाऱ्याचा, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. लोखंड लांकडापेक्षां अधिक टिकतें, हें कोणासहि ठाऊक आहे. परंतु जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याची डिजिटल कॅमेऱ्याशीं तुलना करूं लागलें म्हणजे प्रश्न तितका सोपा राहत नाहीं.

१९५४ सालीं जर्मनींत निघालेला लायका एम-३ हा कॅमेरा घ्या. त्याला बॅटरी लागत नाहीं. फिल्म पुढें सरकविणारी तरफ ओढली कीं स्प्रिंग ताणली जाते. कळ दाबतांच कापडी पडदे सरकतात, आणि १ सेकंदापासून सेकंदाच्या १००० व्या भागापर्यंत ठरवूं तितकाच वेळ प्रकाश आंत येतो. यांपैकीं कित्येक कॅमेरे ७० वर्षांनंतर आजहि कामांत आहेत.

ते बिघडत नाहींत असें मात्र नव्हे. आंतील तेल सुकतें, आणि सेकंदभर उघडावयाचा पडदा अधिक वेळ उघडा राहूं लागतो. परंतु हा बिघाड कुशल कारागिराच्या डोळ्यांस दिसतो, बोटांस लागतो. तो यंत्र उघडतो, चाकें पुसतो, नवें तेल देतो. डिजिटल कॅमेरा तकलादू असतो असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याची भिंगें व बांधणी पुष्कळदां उत्तम असते. पण त्याचें सर्किट जळालें तर तसेंच दुसरें बसवावें लागतें, आणि कारखान्यानें तें करणें सोडलें म्हणजे बाकीचें धडधाकट यंत्रहि निकामी ठरतें.

यावरून ‘जुनें तें सोनें’ असा निकाल देण्याचा मोह होतो. पण कॅमेरा चित्रासाठीं असतो, हें विसरून चालणार नाहीं. कोडॅक कंपनीनें १९३५ सालीं काढलेली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म २००९ सालीं बंद केली. ती धुणाऱ्या अमेरिकेंतील शेवटच्या प्रयोगशाळेनें २०१० च्या अखेरीस नव्या फिल्म घेणें थांबविलें. कॅमेरे शाबूत राहिले. ते रंग गेले. उलट डिजिटल चित्राची नक्कल मुळाबरहुकूम होते. आपल्याकडील कित्येक पोथ्या पिढ्यान् पिढ्या नकलून घेतल्या गेल्या म्हणूनच उरल्या. डिजिटल चित्रहि तसेंच उरूं शकेल, मात्र नकलून घेणारा कोणी हवा.

म्हणजे आपोआप कांहींच टिकत नाहीं. ज्याची निगा कोणी राखतें तेंच टिकतें. दोन्ही यंत्रांतील खरा भेद येथें आहे. जुन्या कॅमेऱ्याची निगा त्याच्या धन्याला व गांवच्या कारागिराला राखतां येते. नव्याची निगा बव्हंशीं कारखान्याच्या मर्जीवर राहते. तो अधिकार आपण सोयीच्या मोबदल्यांत देऊन टाकला, आणि देतांना त्याची किंमत विचारली नाहीं. ती किंमत केवळ पैशांची नव्हे. बिघडलेलें टाकून द्यावयाचें, हें एकदां अंगवळणी पडलें म्हणजे दुरुस्तीला लागणारा धीर आणि कारागिराविषयींचा आदर हीं दोन्ही हळूहळू जातात.

नवी वस्तु घेऊं नये, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु दुकानांत ‘ही किती वर्षें चालेल?’ असें आपण विचारतों, त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ‘ही बिघडली, तर उघडील कोण?’