शाळेचा धडा आणि वाचनाची गोडी

आपल्या इयत्तेच्या पुढचे वाचणाऱ्या मुलालाही शाळेचा सोपा धडा पुनःपुन्हा गिरवावा लागतो. त्याने तो टाळावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. कंटाळवाणे असले तरी कर्तव्य ते कर्तव्यच. परंतु घरीही प्रत्येक पुस्तकाचा सारांश मागून आम्हीच आमच्या मुलीची गोडी मोडली, हे कबूल केले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळक घरीच वाचावयास शिकल्या. १९३४ साली त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. गोडी परीक्षेवाचूनही फळ देते. म्हणून बंधुभगिनींनो, शाळेचे देणे शाळेला द्यावे. मग दिवेलागणीनंतर घटकाभर मुलाला आवडीचे पुस्तक वाचू द्यावे, आणि काहीएक विचारू नये. ते आपण होऊन सांगू लागेल, तेव्हा मात्र हातचे काम ठेवून ऐकावे.