वेतन नाकारणारा उपदेशक

धर्मसेवेतील ढोंगावर कठोर टीका खुद्द येशूनेच केली असून, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्र व शिकवणुकीच्या ग्रंथाच्या, २३ व्या अध्यायात तिचा रोख परूशांवर, म्हणजे यहुदी नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथावर, आहे. मराठी मुलखात या टीकेचा निकष स्वतःला लावणाऱ्यांत नारायण वामन टिळक ठळक दिसतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलविधी, घेतलेल्या टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची अनेक वर्षे सेवा केली. परंतु परकीय संस्थेचा पगारी माणूस आपल्या लोकांना आपला वाटत नाही, ही बोच तीव्र होत गेली आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी व वेतन सोडून त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले. ‘देवाचा दरबार’ या त्यांच्या भक्तमंडळात बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती, हे त्या काळी फार मोठे धाडस होते.

उपदेशकाची चूल कोणाच्या पैशावर पेटते, हा प्रश्न सामान्य श्रोत्यालाही परका नाही. टिळकांचा त्याग त्यामुळे मोठा वाटतो. मात्र सोडलेले वेतन संसाराचेही होते, हे विसरता कामा नये. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पतीची उदारता जितक्या प्रेमाने मांडली, तितक्याच मोकळेपणाने त्यांचा तापटपणा व अव्यवहारीपणाही नोंदवला, आणि तरीही पतीच्या निधनानंतर अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरील काव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.