यंत्रानं वाचवलेला वेळ कुणाचा?

वारंगा फाट्यावर पिठाची गिरणी आली तेव्हा मी लहान होतो. त्याआधी माय कोंबडा आरवायच्या आत उठून जात्यावर बसायची. ज्वारी दळून हाताला घट्टे पडलेले. गिरणीनं तिची पहाट मोकळी केली. पण त्या पहाटेला माय निजली नाही. ती लवकर सरपणाला गेली, लवकर मालकाच्या शेतात उतरली. आणि गिरणीवर आमच्या वस्तीच्या ज्वारीचा नंबर शेवटी लागायचा, ते वेगळंच.

मित्रांनो, मग यंत्र वाईट काय? काही शहाणे म्हणतात, जातं गेलं, ओव्या गेल्या, जुनंच बरं होतं. ज्यांनी जातं ओढलं नाही त्यांनाच ते बरं वाटतं. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाचा समाचार घेताना स्पष्ट मांडलं आहे : माणसाला ढोरमेहनतीतून सोडवून फुरसत द्यायची तर यंत्र हवंच. त्याचा फायदा मूठभर लोक लाटत असतील तर यंत्राला शिव्या देऊ नका, समाजाची घडण बदला.

मुंबईच्या कापडगिरण्यांत तेच झालं. आपल्या माणसांना सूतखात्यात घेत, विणकाम खात्यात नाही. कारण तिथं धाग्याला तोंड लावावं लागे आणि विटाळ होई! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्याच साली कायदेमंडळात त्यांनी गिरणीतल्या बायांच्या प्रसूती भत्त्याच्या बिलाची बाजू घेतली. बाईच्या कामाचा नफा मालक घेतो, तर बाळंतपणाचा भार त्यानंही उचलावा, हा त्यांचा मुद्दा. १९२९ ला कायदा झाला.

आणि आज? मराठवाड्यातून ऊसतोडीला जोडपं जातं. साखर कारखानदारीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात. बाई ऊस तोडते, मोळी डोक्यावर वाहते, कोपीवर येऊन भाकरी थापते. ती भाकरी कुठल्याच हिशेबात नाही.

मालकाला आपण जाब विचारतो, विचारलाच पाहिजे. पण घरातला हिशेब? माझ्या घरी गॅस आला, मिक्सर आला. मी मात्र बैठका केल्या, जयंतीच्या तयारीत रात्री काढल्या. एकदा बायको म्हणाली, “तुमच्या बैठकीला मी बी येते. मग भांडे कोण घासंल?” मला उत्तर सुचलं नाही. बाबासाहेबांनी सांगितलेल्या त्या मूठभरांत माझ्या घरापुरता मीच होतो.

फुरसत ही चैन नाही. वाचायला, विचार करायला, संघटना बांधायला तीच लागते. ती अर्ध्या माणसांना मिळत नसेल तर आपली चळवळ अर्धीच. म्हणून पुढच्या बैठकीची वेळ बायांना विचारून ठरवा. त्या सांजेला भाकरी आपण थापू. मी सुरुवात केली आहे. अजून गोल येत नाही.