रेंच 'टक्' म्हणाला तरी

आंबोलीच्या घाटात ट्रकचं चाक बदलताना टॉर्क रेंच कुणी शोधत नाही. पान्यावर पाइप चढवायचा, वर पाय देऊन जोर लावायचा. नट 'बसला' हे अंगालाच कळतं. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. त्यामागे कित्येक वर्षांचा हात असतो. शिवाय शंका आलीच, तर पायथ्याच्या दाणोलीला गाडी बाजूला घेऊन नट पुन्हा आवळता येतात.

विमानाला मधे दाणोली लागत नाही. छोट्या विमानांच्या लायकमिंग इंजिनांत सिलिंडर धरून ठेवणारे अर्ध्या इंचाचे नट आधी ३०० इंच-पौंडांवर आवळायचे, मग ६०० वर, तेही ठरलेल्या क्रमाने. यातले आरपार जाणारे बोल्ट क्रँककेसचे दोन्ही अर्धे आणि आतली बेअरिंगंही दाबून धरतात. दाब कमी पडला, तर बेअरिंग जागचं सरकू शकतं.

गंमत अशी, की ६०० चा आकडा गाठूनही काम चुकू शकतं. रेंच बोल्टमधला ताण मोजत नाही, नट फिरवायला लागणारा जोर मोजतो, आणि त्यातला बहुतेक जोर घर्षणातच खर्च होतो. आटे कोरडे राहिले, नटाखाली रंगाचा थर राहिला, तरी रेंच 'टक्' म्हणतोच. पुढे रंग दबतो, ताण उतरतो. नटावर ओढलेली खुणेची रेघ नट हललेला नाही एवढंच सांगते. मुळात तो नीट आवळला होता का, हे सही करणाऱ्यालाच माहीत.

त्यामुळे पद्धत पाळणं म्हणजे नुसता आज्ञाधारकपणा, हे मला पटत नाही. वंगण लावलं का, रंग काढला का, हे कुणी बघत नसताना स्वतःलाच विचारावं लागतं. पुस्तक आपल्यावर अविश्वास दाखवतं, ही मुरलेल्या कारागिराची तक्रार थोडी खरीही आहे. पण हाताचा अंदाज दुसऱ्याला तपासता येत नाही. घाटातला ड्रायव्हर आपल्या मेकॅनिकला ओळखतो. प्रवासी ओळखत नसतो.

२८ जून २०१८ रोजी दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून उडालेलं छोटं विमान घाटकोपरमध्ये कोसळलं. त्याचं खापर मी नट-बोल्टांवर फोडत नाही. आतले दोन वैमानिक, दोन तंत्रज्ञ आणि खाली रस्त्यावरचा एक पादचारी गेले. हे चाचणीचं उड्डाण आहे, हे आतल्या चौघांना ठाऊक होतं.