पाटावरचा पाना

अष्टमीच्या दुपारी साडेतीनला सांगलीहून गाडी आली. ऑक्टाव्हिया आरएस, 2004 साली आपल्याकडे विकायला आली ती. 1.8 लिटर, टर्बो, प्रत्येक सिलिंडरला पाच असे वीस व्हॉल्व्ह, कारखान्यातून निघताना 150 अश्वशक्ती. ही गाडी आता तेवढ्यावर राहिलेली नाही, मालकांनी ट्यूनिंग वाढवून घेतलंय. ते डॉक्टर आहेत. दसरा झाला की गाडी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर न्यायची होती, म्हणून प्लग बदलून हवे होते.

"मिस्त्री, अर्ध्या तासात करून द्या. उद्या तुमची खंडेनवमी, गॅरेज बंद."

बॉनेट उघडलं तर तोंडावर धग आली. मी म्हटलं, "काम अर्ध्या तासाचंच आहे, पण इंजिन निवल्यावर. साताला या."

हेड अॅल्युमिनियमचं, प्लगचं अंग पोलादाचं. उष्णतेनं अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघं तापलेले असताना ओढाताण केली, तर हेडाचे मऊ आटे प्लगला चिकटून सोलून येतात. तापलेल्या हेडात नवा प्लग कसला, तर निवताना हेड त्याला आवळून धरतं आणि पुढच्या वेळी तो निघता निघत नाही. डॉक्टरांना हे पटलं. माणसाच्या अंगाशी काम असणाऱ्याला थांबणं लवकर समजतं. ते अंबाबाईच्या दर्शनाला निघून गेले.

मागं भाचा हत्यारं धूत बसला होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं सगळे पाने, सॉकेट, पकडी डिझेलनं धुऊन, पुसून ठेवतात. नवमीला ती पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडू, नारळ, आणि त्या दिवशी एकालाही कामाला लावायचं नाही. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीला आला की मदत करतो. हातातला रिंग पाना पुसता पुसता त्यानं विचारलं, "मामा, खरं सांगा. ह्याला कळतंय का काही? मग पूजा कुणाची?"

ह्या प्रश्नावर हसून चालत नाही. त्यानं तो मनापासून विचारला होता, आणि माझ्याकडं त्याचं तयार उत्तर नव्हतं.

मी आधी म्हटलं, ह्यांच्यावर आपलं पोट चालतं, त्याचे उपकार मानायचे. तो म्हणाला, उपकार बनवणाऱ्याचे मानावेत, लोखंडाचे कसले? मी म्हटलं, सगळ्यात देव आहे. तो म्हणाला, मग कोपऱ्यातल्या जळक्या ऑइलच्या पिंपातही असणार, त्याला हळद-कुंकू का नाही? पोरगं उद्धट नाही, त्याला उत्तर हवं होतं. मग मी त्याला चाचांचं सांगितलं.

माझे उस्ताद मुसलमान होते. मी आणि त्यांच्याकडची सगळीच पोरं त्यांना चाचा म्हणायचो. पंचवीसेक वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्यांच्या गॅरेजमध्ये खंडेनवमीला आम्ही पोरं हत्यारं मांडायचो, चाचा स्वतः झेंडूची फुलं आणून द्यायचे, नारळाचे पैसे द्यायचे, पण हात जोडायचे नाहीत. मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी वाकतो ते एकाच ठिकाणी. हत्यारापुढं नाही. हत्यार अमानत आहे." अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या भरवशावर ठेवलेली. ती जशी दिली तशी परत करायची असते. त्यामुळं त्यांच्याकडचं हत्यार वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पुसलेलं असायचं, आमचं फक्त अष्टमीला.

ह्यात एक पेच आहे आणि तो मला अजून सुटलेला नाही. पूजा न करणारा माणूस हत्याराला सर्वांत जास्त जपत होता. मग पूजेनं नेमकी काय भर पडते?

1995 सालची गोष्ट. मी वीस वर्षांचा. तोवर माझा हात बसला होता तो अॅम्बॅसेडरवर, बिडाच्या हेडावर. बीड दणकट, दोन घास जास्त लावलेले सोसतं. गॅरेजला मारुती झेन आली, पूर्ण अॅल्युमिनियमचं इंजिन. प्लग घातला, शेवटी सवयीनं एक जोराचा झटका दिला, आणि पाना एकदम हलका झाला. ज्यानं कधी आटे घालवलेत त्यालाच तो हलकेपणा माहीत. हाताखालचं काहीतरी कायमचं संपलंय हे मेंदूच्या आधी मनगटाला कळतं.

चाचा रागावले नाहीत. हेड उतरवलं, भोक मोठं करून त्यात हेलिकॉइल बसवली, म्हणजे पोलादी तारेचे नवे आटे. नवं गॅस्केट घातलं. दोन दिवस गेले, पैसे त्यांनी भरले. गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगितलं, आणि तेही मला शेजारी उभं करून. मग तो प्लग माझ्या हातात ठेवला. त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमचा चकचकीत वेटोळा अडकलेला होता. म्हणाले, "तुझ्यात ताकद किती आहे हे इंजिनाला सांगायची गरज नाही." तो प्लग माझ्या खणात अजून आहे. भाच्याला काढून दाखवला.

साताला इंजिनावर तळहात ठेवला, गार. चावी गाडीबाहेर काढून ठेवली. कॉइलच्या प्लास्टिकच्या क्लिपा उष्णतेनं ठिसूळ झालेल्या असतात, त्या नखानं, सावकाश सोडवल्या. कॉइल सरळ वर ओढल्या, तिरक्या नाही. प्लग असतो तो खोल विहिरीसारख्या भोकाच्या तळाशी. तिथं धूळ, वाळू, कधी पालापाचोळा साचतो. प्लग ढिला करण्याआधी डोळ्याला चष्मा लावून हवा मारायची, नाहीतर तो कचरा प्लग निघताच सिलिंडरात जातो. मग 16 मिलिमीटरचं प्लग सॉकेट, लांब एक्स्टेंशन. पाव फेरा ढिला केला की थांबायचं आणि कानोसा घ्यायचा. करकर ऐकू आली तर पुन्हा थोडं आत, पुन्हा बाहेर.

चारही प्लग निघाले ते सिलिंडरच्या क्रमानं फडक्यावर मांडले. हा क्रम मोडायचा नाही, कारण प्रत्येक प्लग आपापल्या सिलिंडरची साक्ष देतो. फिकट तपकिरी असेल तर जळण नीट, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक दिसला तर सिलिंडर फार तापतंय, आणि त्यावर अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके असतील तर पिस्टन मार खातोय. तिघे तपकिरी होते. तिसऱ्याचं चिनीमातीचं टोक जरा जास्त पांढरं. डॉक्टरांना दाखवलं, ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

नवे घातले ते एक नंबर थंड, म्हणजे टोकाची उष्णता हेडात लवकर सोडणारे, सहाच्या जागी सात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये त्याच्या उलट; आमच्या पिढीला बॉशचे प्लग मायको म्हणूनच ठाऊक. टर्बोचा दाब वाढवला की ठिणगीला दाट हवेतून उडी मारावी लागते, म्हणून गॅप कमी ठेवायचा, आम्ही 0.7 मिलिमीटर ठेवला. ही उडी साधीसुधी नाही. सहा हजार आरपीएमला एका प्लगला सेकंदाला पन्नास ठिणग्या पाडाव्या लागतात, प्रत्येक वेळी वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबानं.

आता पहिले फेरे. इथं पाना वापरायचाच नाही. रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या मागच्या टोकाला बसवायचा आणि बोटांनी फिरवायचं. आधी उलटं. एक बारीकशी टक जाणवते, आटा आट्यावर उतरल्याची. मग सुलटं. वाकडा लागत असेल तर रबर घसरतं, जोर पोचतच नाही. म्हणूनच ते रबर. चाचा इथं तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायचे. मी काही म्हणत नाही, पण श्वास धरला जातो.

प्लगचे आटे 19 मिलिमीटर, सव्वा मिलिमीटरला एक, म्हणजे पंधरा. गाडीचा सगळा दणका ह्या पंधरा आट्यांवर पेलायचा. शेवटी टॉर्क पाना, 30 न्यूटन मीटरवर लावलेला. सोप्या भाषेत, हातभर नाही, जेमतेम फूटभर लांबीच्या दांड्यावर दहा किलोचा भार. माझं मनगट न सांगता ह्याच्या तिप्पट लावतं. मी भाच्याला पाना दिला. त्यानं हळू ओढला. कट्ट.

"थांब," मी म्हटलं. तो थांबलाच होता.

तेव्हा मला त्याच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं, आणि ते मी त्याला तिथंच सांगितलं. बाकी सगळी हत्यारं माझा जोर वाढवतात. पान्याच्या दांड्यानं बोटांचा जोर दसपट होतो, जॅकनं एक माणूस गाडी उचलतो. हा एक पाना मला सांगतो की आता पुरे. माझ्या बाहेरून कुणीतरी मला अडवतं आणि मी ऐकतो, असं दिवसभरात आणखी कुठं घडतं? बायको, डॉक्टर, पोलीस, सगळ्यांशी मी वाद घालतो. ह्या कट्टशी घालत नाही. मी हात जोडतो ते ह्या अडवण्याला. आणि नवमीला सगळीच हत्यारं खाली ठेवायची, हेही मला त्यातलंच वाटतं. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर वर्षभर बांधून ठेवली. दसऱ्याला आपण आठवण काढतो ती शस्त्रं परत घेतल्याची. ती वर्षभर न उचलणं किती अवघड गेलं असेल, ते कुणी बोलत नाही.

भाचा गप्प राहिला, मग म्हणाला, "पण पाना चुकला तर?"

पोराचं डोकं चालतं. पाना चुकतो. आतली स्प्रिंग थकते, म्हणून त्याच्या मानकात दर बारा महिन्यांनी किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर तपासणी करून घ्यायला सांगितलंय. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर 30 ला कट्ट झाला तरी आत ताण त्याहून बराच जास्त बसतो, म्हणून आधुनिक मुलामा दिलेला प्लग कोरडाच घालायचा. पान्याचा आकडा खरा ठरतो तो आपण बाकीचं स्वच्छ ठेवलं तर. मग ज्याची दरवर्षी तपासणी करावी लागते त्याला नमस्कार करायचा का? चाचा म्हणाले असते, नाही, आणि म्हणूनच मी करत नाही. जो चुकत नाही त्यालाच वाकतो. मी म्हणतो, करायचा. माझ्या माहितीतल्या ज्या माणसांपुढं मी वाकलोय, ती सगळी कधी ना कधी चुकलेली आहेत, चाचा धरून. चाचांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडं काही नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे मला सांगता येत नाही, आणि त्यांच्या जाण्याला आता सहा वर्षं झाली.

चौथा कट्ट झाला. कॉइल बसवल्या, क्लिपांची टकटक ऐकून घेतली. गाडी सुरू केली, आवाज एकसारखा. डॉक्टर निघताना म्हणाले, कोइम्बतूरलाही उद्या आयुधपूजा, तिथंही सगळं बंद असणार. म्हटलं, बरं आहे, गाडीलाही एक दिवस मिळेल.

रात्री पाट मांडला. टॉर्क पान्याची मूठ उलटी फिरवून सर्वांत खालच्या आकड्यावर आणली, स्प्रिंग सैल. ताणावर ठेवलेला पाना आपोआप खोटं बोलू लागतो. जुनं चादरीचं फडकं घेऊन तो पुसला, चाचांच्या सवयीप्रमाणं मुठीकडून डोक्याकडं. उद्या कुंकू लावीन ते दांड्यावर, रॅचेटच्या दातांपासून लांब.

भाच्यानं खणातला तो जुना प्लग आणला आणि विचारलं, हाही ठेवू का? मी म्हटलं, ठेव. पान्याशेजारी.